वहिनीनं मागितला पालक

त्या हिवाळ्यात बबनरावांच्या घरामागच्या वाडीत पालक असा फोफावला होता की आसेगावातलं येणारं-जाणारं माणूस कुंपणापाशी थबकायचं. शिवाय मेथी, लाल माठ, टमाटे, गाजरं आणि लिंबाचं एक लदबदलेलं झाड. आणि बबनरावांच्या घरात रोज शिजत होते आलू.

कारण स्पर्धा! वाशीमच्या एका संस्थेनं 'घरोघरी पोषण परसबाग' अशी स्पर्धा ठेवली होती आणि तपासणी होईपर्यंत वाडीतलं पानही तोडायचं नाही, असा बबनरावांचा हुकूम होता. भोवती जुन्या लुगड्यांचं कुंपण, नजर लागू नये म्हणून टांगलेला फाटका जोडा आणि मधोमध पाटी, 'भाजी खा, निरोगी राहा'. कोणी भाजी खाऊ नये म्हणून बबनराव त्याच पाटीखाली खाट टाकून राखण करत.

त्यांची लेक संस्कृती नववीत. नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली, त्यामुळे आपण बोललो की जग ऐकतं, असा तिचा पक्का समज झाला होता. घरात मात्र तो समज टिकेना.

"बाबा, वहिनीले सातवा लागला. आशाताई म्हणे रक्त कमी हाये, हिरव्या भाज्या द्या. आन् तुमी तिले आलू खाऊ घालून राह्यले!"

"सरकारच्या गोळ्या हायेत ना."

"गोळीनं उलट्या होतात तिले."

"मंग थांब म्हना थोडी. एकदाचा तपासणीचा फोटो निघू दे."

"पोटातलं बाळ थांबते काय फोटोसाठी?"

"लय बोलाले लागली तू! ते वक्तृत्व शाळेतच ठेवत जाय."

वैष्णवीवहिनी उठताना भिंत धरायची, दोन घागरी भरल्या की मटकन खाली बसायची. आणि खिडकीतून त्या पालकाकडे असं बघायची की संस्कृतीच्याच तोंडाला पाणी सुटायचं.

शेवटी संस्कृतीनं डोकं लढवलं. वहिनीचं डोहाळजेवण व्हायचंच होतं.

"बाबा, तपासणीच्या दिवशीच करू. वाडीत! हिरव्या साड्या, झोपाळा, मागं तुमचा पालक. काय फोटो येईन!"

फोटो म्हटल्यावर बबनराव विरघळले. झोपाळा त्यांनी स्वतः बांधला. दोर आवळण्याच्या नादात एवढंच विसरले की डोहाळे लागलेल्या बाईला नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर बाळाचा कान फुटतो, असं अख्खं गाव मानतं.

त्या दिवशी वाडी बायकांनी भरून गेली. फुलांचे दागिने घालून वहिनी झोपाळ्यावर बसली. गाणी झाली, ओटी भरली, आणि शेजारच्या गोजराबाईनं रीतीप्रमाणे विचारलं, "सांग वं माय, काय खावासं वाटते?"

वहिनीनं मान खाली घातली. संस्कृतीचा जीव टांगणीला. बोल ना वहिनी, बोल!

"पालक," वहिनी पुटपुटली. मग जरा धिटाईनं, "आन् मेथी. आन् ते गाजरं."

"पेढा माग ना पोरी!" बबनराव खाटेवरून उडालेच. "बासुंदी माग!"

"तिनं पालक मांगला," गोजराबाई कडाडली. "नातवाचा कान फोडता काय, बबनराव?"

सगळ्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. बबनरावांनी एकदा पालकाकडे पाहिलं आणि हात जोडले. मग काय! विळ्या निघाल्या, चूल पेटली, लसणाची फोडणी चरचरली. वहिनीसाठी म्हणता म्हणता सगळ्याच बायकांना डोहाळे लागले, म्हाताऱ्यांनासुद्धा. वाफे बोडके झाले, टमाटे-लिंबंही संपली; खालच्या कोपऱ्यातले दोन वाफे तेवढे नजरेतून सुटले.

आणि तेवढ्यात जीप आली. मोबाइल उगारूनच संस्थेचे साहेब उतरले.

"परसबाग कुठे आहे?"

"तुमी जिथं उभे हायेत, तेच," संस्कृती म्हणाली.

"मग भाजी?"

वहिनीचा घास हातातच राहिला. आता बाबांनी सुनेचं नाव घेतलं, तर ही जन्मात पुन्हा या वाडीतलं पान तोंडात घालणार नाही, हे संस्कृतीला कळत होतं. पहिल्या नंबराचं वक्तृत्व बाजूला ठेवून ती बाबांकडे बघत होती.

बबनरावांनी साहेबांकडे पाहिलं. सुनेच्या ताटाकडे पाहिलं. मग धोतर सावरून ताठ उभे राहिले, जणू हा सगळा बेत त्यांचाच.

"खाल्ली."

"कोणी?"

"जिच्यासाठी लावली व्हती, तिनं. पोषणासाठीच लावाले सांगतली ना तुमी? का पाहासाठी?"

बायकांनी टाळ्या पिटल्या. साहेब गोंधळले. "पण मी फोटो कशाचा काढू?" मग त्यांनी पाटीचा फोटो काढला आणि गेले. बक्षीस पुढे गावातल्याच हरिसिंगला मिळालं. त्याची मेथी जून होऊन फुलावर आली होती, पण जागची हलली नव्हती.

जीप गेल्यावर वहिनीनं सासऱ्यांना हळूच विचारलं, "मामाजी, रागावले काय?"

"राग कायचा? तू जेव पोटभर," बबनराव म्हणाले आणि लेकीकडे वळले. "आन् तू काय दात काढून राह्यली वं? ते खालचे दोन वाफे राह्यले ना माठाचे? सकाळी खुडून आण. दाळीत टाकू तिच्या."