एका काडीला एकच फूल

मी शेवंती बोलतेय. झुडूपभर बारकी फुलं येतात ती नव्हे हं, मी प्रदर्शनातली. एका काडीला एकच फूल, पण ते ताटलीएवढं.

आमचा बहर सरला की आम्हाला जमिनीलगत कापतात, आणि पुढच्या वर्षी बुडातून फुटवे येतात. तशीच मी आले. मला कुंडीत लावलं ते एका शिंप्याने. दिवसभर दुकानात कात्री, घरी आला की माझ्यावर कात्री. बायको गेलेली, पदरात दोन मुली. थोरली हुशार, असं तो म्हणायचा. धाकटी हुशार, असं मी म्हणते, कारण माझं सगळं तीच बघायची. पाणी कधी तोडायचं, शेंडा कधी खुडायचा, मावा पडला तर साबणाचं पाणी किती पातळ करायचं, तिला विचारावं.

यंदा काडीवर अकरा कळ्या धरल्या. शिंप्याने धाकटीला हाक मारली. "मधली ठेव. बाकीच्या नखाने काढून टाक."

त्याच आठवड्यात तिच्या शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या होत्या. पुढच्या वर्गाचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचा होता. थोरलीचं कॉलेज चालू आहे, एका वेळी एकीचंच झेपेल, असं सांगून शिंप्याने त्यांना वाटेला लावलं होतं.

धाकटी कुंडीपाशी उकिडवी बसली. "बाबा, यंदा दोन ठेवून बघू या का?"

"दोन ठेवल्या की दोन्ही खुज्या राहतात."

"पण ही दुसरीही चांगली टपोरी आहे."

"खुड म्हटलं ना."

ती कशाबद्दल विचारतेय हे त्याला कळलं नाही, असं समजू नका. चांगलं कळलं होतं. म्हणून तर तो तिच्याकडे पाठ करून सुतळी शोधत बसला.

तिने खुडल्या, दहाच्या दहा. दुखलं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. सगळा रस आता माझ्या एकाच कळीला! शनिवार उलटून गेला, फॉर्म कोराच राहिला, आणि मी आपली फुगत होते. लाज तेव्हा वाटली नाही.

प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. पाकळ्या निरखून त्यांनी विचारलं, "हात कुणाचा?"

"धाकटीचा," शिंपी छाती काढून म्हणाला.

"वा! काय शिकतेस, बाळ?"

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात शिंपी हसला. "हिला कुठली शाळेची गोडी, साहेब! स्वतःच सोडली. फुलांचंच वेड."

ती बापाकडे बघत राहिली. मग परीक्षकांना म्हणाली, "हो. मीच सोडली."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या कुंडीकडे गेले. तेव्हा मला माझ्या फुलाची किळस आली.

आता मला कापून ठेवलंय. बुडाशी हिरवे कोंब दिसतायत. ती रोज पाणी घालते, माझ्याशी बोलत मात्र नाही.

शिंप्या, तू माझ्याकडून अर्धंच शिकलास. माझ्या दहा कळ्या खुडायला लावल्यास, तरी मला पुढचं वर्ष आहे. तिच्या वर्गातल्या मुली पुढच्या वर्गात गेल्या, आणि ती माझी माती उकरतेय.