ताडाला बांधलेली मुशी

"हे सांगितलं तर तुमी इस्वास ठेवणार नाय, मुकादम. माजी बायको पण ठेवत नाय, नि ती तर तवा तितं हजर व्हती!"

असं म्हणून नरहरी तांडेलाने ताडाच्या बुंध्याला पाठ लावून अशी बसकण मारली की घाव घालायचा तर आधी म्हाताऱ्याच्या खांद्यावर घालावा लागला असता. सुका मजुराने उगारलेली कुऱ्हाड खाली घेतली. एक घाव आधीच बसला होता. त्याच्या ओल्या ढलप्या नरहरीच्या टोपीवर पडल्या होत्या.

झुंबर मुकादम घाटावरचा माणूस. समुद्र त्याने या नोकरीतच पहिल्यांदा पाहिला, आणि पाहिल्यापासून त्याच्याकडे पाठ करून उभं राहायची सवय लावून घेतली.

"उठा तांडेल," तो म्हणाला. "सांजच्याला सायबाची जीप येनार हाय. दोन्ही ताड आडवं दिसलं न्हाईत तर म्या आडवा व्हतो. माज्या आधीचा मुकादम एका चिंचेपायी घरी गेला."

ते चौसष्ट साल. तारापूरच्या अंगाला वीजघराचं मोठं काम निघालं होतं. बोईसर स्टेशनात उतरणारी अवजड यंत्रं किनाऱ्यापर्यंत न्यायची तर रस्ता सरळ हवा, आणि त्या सरळ रेषेत हे दोन ताड उभे. नरहरीच्या चिंचणी गावात कामाला कोणी शिव्या देत नव्हतं. नरहरीच्या जावयाला तिथे चौकीदारी लागली होती, आणि तो इतका खूश होता की दिवसाढवळ्या बॅटरी लावून घरी यायचा.

पण कोळ्यांना हे ताड म्हणजे दार होतं. समुद्रातून येताना मागचा ताड पुढच्याआड लपला, दोघांचा मिळून एकच दिसला, की होडी खडकांमधल्या वाटेवर बरोबर आली म्हणायचं. दोन दिसले की समजावं, खाली खडक. गावातल्या बाकीच्या होड्या दुपारीच लागल्या होत्या. शांताराम तेवढा मागे राहिला होता, नरहरीचा धाकटा. बापाचे गुडघे गेले म्हणून यंदाच त्याने सुकाणू हातात घेतलं होतं. भरती चढत होती, आणि पाण्यावर राखेसारखं धुकं पसरलं होतं.

नरहरीने आधी खरंच सांगून पाहिलं होतं. "पोरगा दर्यात हाय. येवडी एक होडी येऊ द्या, मंग खुशाल तोडा."

मुकादम कंटाळून म्हणाला होता, "तांडेल, ह्या मुलखात दर झाडाखाली एक म्हातारा बसलाय. कुनाचा देव, कुनाचं भूत, तुमची होडी! उद्या तितं ताडाच्या दुप्पट चिमनी उभी ऱ्हाईल. तिची खूण धरा की."

"चिमणी उद्या येल. होडी आज येते."

पण खऱ्याने भागलं नाही. तेव्हा नरहरीने थापा मारायचा आपला जुना धंदा काढला.

"तर माजं लगीन झालं त्या साली," तो आता सांगत होता, "मला एक मुशी गावली, मुशी म्हंजे दर्यातला वाघच. येवडी, का तोंड हितं नि शेपटी पार मुरबे गावाला. होडीत मावंना, म्हणून दोर आणून बांदली ताडाला."

"ह्याच ताडाला?" मुकादमाने विचारलं, आणि विचारलं म्हणून स्वतःवरच चिडला.

"ह्याच. तिनं दिला हिसका! ताड हलला नाय, त्याची मुळं पार पाताळात. मंग हललं काय? किनारा हलला! चिंचणी नि तारापूर येवडी जवळ कशी, कदी इचार केलात? पैले मदे दिवसभराची वाट व्हती. मुशीनं वढून दोनी गावं चिकटवली. माजा मामा तवा वर ताडी काढत व्हता. चढला चिंचणीत नि उतरला तारापुरात. मामी आजून त्याला हितं शोदते."

मजूर हसले. सुका खाली टेकला. मुकादमाच्या मिशीखालीही काहीतरी हललं.

धुक्यात एक करडा ठिपका दिसला. शीड होतं. नरहरी भरभर बोलू लागला. "आता तुमच्या कामाचं सांगतो. ती मुशी मेली नाय. खाली बांदलेलीच हाय. ताड तोडला का दोर सुटला, दोर सुटला का किनारा परत पसरला. साहेबाच्या नकाशात रस्ता येवडा, नि सकाळी बगाल तर तिप्पट! खडी कुटून आणणार, मुकादम?"

मुकादमाची नजर नकळत खडीच्या ढिगाकडे गेली.

ठिपका पुसला गेला. "मंग... मंग मुशीला पोरं झाली," नरहरी म्हणाला. "पोरांचं बारसं केलं. बारशाला साऱ्या दर्याला आवतण. बोंबील आले, सरंगे आले, पापलेटी नटून आल्या..." एकेका पाहुण्याला तो मान देऊन बसवू लागला. आधी हसणारे मजूर आता जांभया देऊ लागले. खडकांवर पाणी फुटल्याचा आवाज येत होता.

बोईसरच्या वाटेवर, दूर, धूळ उठली.

"जीप!" मुकादम ओरडला. "बास झालं बारसं! सुका, उचल कुऱ्हाड. म्हाताऱ्याला धरून बाजूला घ्या."

"खोटं," कोणीतरी मोठ्याने म्हणालं.

ती बुधी होती, सुकाची बायको. ताड पडताना दोराने बाजूला ओढायचा, ते काम तिचं. दोराचं नीट घातलेलं वेटोळं मांडीवर घेऊन ती इतका वेळ ऐकत बसली होती.

"मुशी नाय नि काय नाय," ती म्हणाली. "हा तोंडानं आमाला सांगतो नि डोळ्यांनी तिकडं बगतो. होडी दिसली का ह्याची गोष्ट धावते. होडी गेली का मुशीला पोरं होतात. होडी येईस्तोवर हा म्हातारा बारसंच घालणार."

नरहरीने तोंड उघडलं. साऱ्या पंचक्रोशीला पुरून उरेल इतकं खोटं त्याच्यापाशी होतं, पण त्यातलं एकही वर येईना.

"माजा पोरगा हाय," तो म्हणाला.

मुकादमाने मान वळवली. पहिल्यांदाच तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. धुक्यातून शीड पुन्हा वर आलं होतं, आता हाताएवढं; पण ते खडकांच्या अंगाला कललेलं होतं आणि खूण शोधत हळूहळू वळत होतं. मागे धूळ जवळ येत होती.

"सुका, ऐकू येत न्हाई का?" मुकादम खेकसला. "आन् तू गं, दोर टाक!"

बुधी उठली नाही.

"आमच्या डोंगरावरलं रान तोडाया आले," ती म्हणाली, "तवा आमी सगळं खरंच सांगितलं. कोण नाय ऐकलं." मग तिने मांडीवरच्या वेटोळ्यावर दोन्ही हात ठेवले. "दोर गुतलाय, मुकादम. सोडवाया येळ लागंल."

सुकाने कुऱ्हाड वाळूत टेकवली.

मुकादमाने दोराकडे पाहिलं. वेटोळ्यावर वेटोळं, अगदी नीट, एकही पीळ नव्हता. त्याने धुळीकडे पाहिलं. मग परत समुद्राकडे.

"हां," तो म्हणाला, "गुतलाय खरा."