कोंबडीने खाल्लेले सुरवंट

शेवटी सगळे सुरवंट कोंबडीने खाल्ले. पण तसं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. निलेशही बराच वेळ तसंच धरून होता.

शिरोड्यात घरामागच्या दोन खोल्या त्याने पर्यटकांसाठी काढल्या होत्या. पर्यटक तेवढे येत नव्हते. मग एका सकाळी कुंपणावरच्या घाणेरीच्या फुलांपुढे त्याला हवेतच उभा राहून मध पिणारा इवलासा पक्षी दिसला. त्याने व्हिडिओ काढला. त्यात पक्षी नव्हता, नुसती थरथर होती. तरी ‘आमच्याकडे हमिंगबर्ड’ असं लिहून तो नेटवर टाकल्यावर कोल्हापूरहून संचिता मॅडमचा फोन आला. पक्षी पटला तर त्या आपला पक्षिनिरीक्षकांचा अख्खा ग्रुप आणणार होत्या.

मॅडम आल्या. निलेशचा पाय एका जागी ठरेना. पक्षीही ठरेना. कॅमेरा रोखला की तो पुढच्या फुलावर.

“अहो, भारतात हमिंगबर्ड नसतात,” मॅडम म्हणाल्या. निलेशने मनातल्या मनात चादरी परत कपाटात ठेवल्या. “हा पतंग आहे, दिवसा उडणारा. पंख बघा, काचेसारखे!”

“बघतोय,” निलेश म्हणाला. पंख कुठे होते कोण जाणे.

“पक्ष्यापेक्षा भारी! याचे सुरवंट अनंताच्या झाडावर असतात. हिरवे, शेपटीला काटा. ते तरी स्वस्थ बसतात. ग्रुपला तेच दाखवू. अनंत आहे ना?”

अनंत विहिरीपाशी होता, लख्ख. शेजारी निलेशची आई प्रेमलता कौतुकाची वाट बघत उभी होती.

“आये, हयले किडे खंय?”

“सकाळीच येचलंय. पावणी येतली, झाडार किडे बरे दिसतत? कोंबयेक घातलंय. मटामट खाल्ल्यान गो बाये!”

कोंबडी पायरीवर बसली होती. अख्ख्या अंगणात तेवढीच स्थिर.

“मग ग्रुपला दाखवायचं काय?” मॅडमनी कॅमेऱ्याला टोपण लावलं. “उद्या निघायच्या आत काही सापडलं तर बघू.”

उरले निलेशचे वडील, गंगाराम. गाय हरवो वा मोटर बिघडो, देवाला गाऱ्हाणं घालायला गाव त्यांनाच बोलवायचा. त्यांनी तुळशीपुढे नारळ ठेवला, टोपी सारखी केली.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” घरच्यांनी साथ दिली. मॅडमनीसुद्धा.

“प्रेमलतान अजाणतेपणी येचलेले किडे, कोंबयेक कसलोय तरास न होता, होते तशे काट्यासकट अनंतार हजर कर. आणि तो जो भिरभिरता, तेका फोटो निघापर्यंत एका फुलार गप रवाचो हुकूम कर, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”