आईचं ‘हो’

रिकाम्या खोलीतून माझाच आवाज आला, “हो.”

पक्षाघाताच्या झटक्यानं आईची वाचा गेली, तेव्हा मी तिच्यासाठी टॅबवर चित्रांची बटणं लावली होती. वर पाणी, दुखतंय वगैरे; खाली मोठी दोन, डावीकडे हो, उजवीकडे नको. शब्द माझ्या आवाजात भरलेले. आत्ता दादा आईला धरून बाथरूममध्ये घेऊन गेला होता आणि टॅब पलंगावर एकटाच पडला होता. “हो,” तो पुन्हा म्हणाला.

दादाचं म्हणणं, सोमवारी आई वृद्धाश्रमात जाणारच आहे, तिथे नवा घेऊन देऊ, या डबड्याच्या नादी कशाला लागायचं? पण नव्यात सगळं पुन्हा भरायला आठवडा गेला असता. तोवर तिनं काय भिंतीशी बोलायचं? मी चिडून टॅब उचलला आणि दुरुस्तीवाल्याकडे गेले.

त्यानं एक चाचणी लावली. बोट फिरेल तिथे रेघ उमटते. डावीकडे कोणी न शिवता ठिपके उमटत होते. उजव्या कडेला तो बोट घासत राहिला, पण रेघ काही उमटेना.

“ही पट्टी मेलीय,” तो म्हणाला. “बरेच महिने झाले असतील. इथे काही कामाचं होतं का?”

तिथे ‘नको’ होतं.

मला आमचे प्रश्न एकेक करून आठवत गेले. तुझी खोली मुलांना देऊ? हो. बाबांचं कपाट काढू? हो. वृद्धाश्रम चालेल ना? हो. तिचं बोट उजवीकडे जायचं, तेव्हा हात थरथरतोय म्हणून आम्ही सोडून द्यायचो, आणि टॅब आपोआप ‘हो’ म्हणाला की तेच तिचं उत्तर धरायचो. जन्मभर जिनं आमचं एक ऐकलं नाही, ती आजारपणानं समजूतदार झाली, असं आम्ही खुशाल मानलं. सोयीचं होतं ते.

दुरुस्तीवाल्याच्या मते नवाच घेतलेला बरा. काच मात्र तासाभरात बदलून मिळेल. मी काच बदलून घेतली.

घरी येऊन टॅब आईच्या मांडीवर ठेवला. मी तोंड उघडायच्या आत तिनं उजवीकडे दाबलं.

“नको.”

“आई, अजून काही विचारलंच नाहीये,” दादा म्हणाला.

ती जरा थांबली, आठवल्यासारखं केलं आणि पुन्हा दाबलं. “नको.” पुन्हा थांबली. “नको.” तिची नजर आमच्यावरून हलत नव्हती. इतक्या महिन्यांतला आमचा एकेक प्रश्न तिच्या लक्षात होता, आणि ती ओळीनं उत्तरं देत होती.