अंघोळीला गेलेले साहेब

त्या घरातला कर्ता पुरुष गेले कित्येक महिने अंघोळ करत होता.

फोनवर कुणी अनोळखी आवाजात "साहेब आहेत का?" असं विचारलं, की सून न अडखळता सांगे, "आहेत ना! आत्ताच अंघोळीला गेलेत." कुरिअरवाला, गॅसवाला, कर्ज गळ्यात मारायला बघणारी बँकेतली पोरगी, सगळ्यांना हेच उत्तर. फौजीच्या घरात पुरुष माणूस नाही हे चारचौघांना कळू द्यायचं नसतं, असं सासूबाईंनी तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. सासूबाईही फौजीच्याच बायको. दारात पुरुषाचे बूट हवेत आणि त्यांची जागा रोज थोडी बदलायला हवी. दोरीवर मधूनमधून एखादा शर्ट हवा, तोही ओला. न घातलेला शर्ट धुताना सुनेला आधी हसू यायचं. अलीकडे येत नव्हतं, कारण साहेबांचा फोन बरेच दिवस आला नव्हता.

मग वादळ आलं आणि अंगणातलं जुनं झाड एकाच वेळी गाडीवर आणि घरावर पडलं. गाडीचा चपटा डबा झाला. आतल्या खोलीचं छप्पर कोपऱ्यातून उघडं पडलं. माणसं तेवढी वाचली. घर आणि गाडी, दोन्हींचा विमा होता हे आठवल्यावर सुनेचा जीव भांड्यात पडला, पण तिथं फार वेळ टिकला नाही.

दोन्ही पॉलिसी साहेबांच्या नावावर. क्लेमवर सही त्यांचीच हवी, तीही मुदतीत. फौजी माणूस कामगिरीवर असेल तर मुदत वाढवून मिळते असा नियम होता, म्हणून युनिटचं पत्र जोडून अर्ज केला आणि ती निर्धास्त झाली. उत्तर आलं ते दोन्ही क्लेम नामंजूर झाल्याचं. कारण काय, तर म्हणे साहेब घरीच होते! कंपनीच्या माणसानं फोन केला तेव्हा ते अंघोळीला गेले होते आणि सर्व्हेअर फोटो काढायला आला तेव्हा त्यांचे बूट दारात होते. मग सही का नाही केली? युनिटच्या पत्रात 'कामगिरीवर आहेत' एवढंच होतं. कुठं आणि कधीपासून, हे युनिट सांगणार नव्हतं आणि तारखेशिवाय कंपनी ऐकणार नव्हती. बोल तरी कुणाला लावायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

सुनेनं अपील केलं. ते ऐकणाऱ्या अधिकारी बाई तिच्याहून थोड्या मोठ्या असतील. चष्मा कपाळावर, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी कंपनीच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. खोलीभर सुनेचा आवाज घुमला, चांगला ठणठणीत. "आहेत ना! आत्ताच अंघोळीला गेलेत." तिचे कान तापले. इतक्या सफाईनं थाप मारणारी ही बाई कोण, असं तिला स्वतःलाच वाटलं.

"आवाज तुमचाच?"

"माझाच. पण ते खोटं होतं."

"आणि आता बोलताय ते खरं, हे मी कशावरून मानायचं?"

बाईंनी एक फोटो पुढं सरकवला. दारातले काळे बूट, एकाची नाडी सुटलेली.

"हे कुणाचे?"

"आमच्या ह्यांचे," शेजारच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे यांच्या सासऱ्यांचे? ते घरी असतात?"

"नाहीत हो. ते कामगिरीवरच गेले. पोरगा शाळेत होता माझा तेव्हा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि उगाचच एक फाईल सरळ केली. "माफ करा," त्या म्हणाल्या. "पण मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल ना? असं करा. हे बूट आणा, मुलाचेही आणा. शेजारी ठेवून बघू. माप वेगळं निघालं तर दारातले बूट त्याचे नव्हते, एवढं तरी सिद्ध होईल. परवापर्यंत या, मग मला निकाल द्यावाच लागेल."

सून आनंदानं उठलीच. साहेबांचा पाय नऊ नंबरचा, सासऱ्यांचे बूट सहा नंबरचे. आंधळ्यालाही कळेल इतका फरक!

"ते नाही जमायचं," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांचे बूट आतल्या खोलीत पलंगाखाली होते. पॉलिश केलेले, कापडात गुंडाळलेले. सासूबाई दर आठवड्याला ते बाहेर काढून पुसायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. घरी परतल्यावर त्या पलंगावर अशा बसल्या, की तिथून त्यांना हलवायला पलटण आणावी लागली असती.

"आई, हे घर राहायचं नाही. एक मोठा पाऊस आला की भिंतही जाईल."

"जाऊ दे. तो येऊन पायात घालेल तेव्हाच ते बूट उंबरा ओलांडतील."

"पण का?"

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. "ह्यांचे बूट मीच ठेवले होते गं दारात. ते कामगिरीवर निघाले त्या दिवसापासून, लोकांना घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. बूट दारात राहिले, माणूस काही आला नाही. आता तेच ठेवते रोज. पोराचे नाही ठेवायची."

सून शिकलेली होती, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. तरी पलंगाखाली हात घालायचं धाडस तिलाही झालं नाही. भीती सासूबाईंनाच वाटत होती असं थोडंच होतं! तिनं युनिटला फोन लावला. "काही कळलं तर कळवू, ताई," पलीकडचा म्हणाला. नेहमीचंच वाक्य. काही म्हणजे काय, हे विचारायच्या आत तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. छपरावर बांधलेली ताडपत्री आधी फडफडली, मग एका बाजूनं सुटून भिंतीवर आपटायला लागली, आणि पावसाची सर थेट पलंगावर आली. सून बादल्या आणायला धावली. परत येऊन बघते तर सासूबाई गुडघ्यांवर बसलेल्या, बूट पोटाशी धरलेले, आणि पाठीवर पाणी गळतंय.

"आई, उठा!"

"छप्परच नसेल तर तो येऊन झोपेल कुठं?" सासूबाई म्हणाल्या. हे त्या सुनेला विचारत नव्हत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या जाऊ. पण मी धरीन. कुणी हात लावायचा नाही."

सासऱ्यांचे बूट पिशवीत आणि मुलाचे मांडीवर, असा तो प्रवास झाला. बसमधली माणसं बघत होती, बघू देत. अधिकारी बाईंनी फरशीकडे बोट दाखवलं तशा सासूबाई दोन पावलं मागं सरल्या.

"जमिनीवर नको."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. मग उठून स्वतःच्या हातांनी टेबलावरच्या फायली खिडकीत नेऊन ठेवल्या, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाल्या, "इथं ठेवा, आजी."

चारही बूट टेबलावर आले. बापापेक्षा लेक कितीतरी मोठा. बाईंनी फोटो जवळ धरला. धाकट्या मापाच्या बुटाला डाव्या अंगानं ठिगळ होतं, फोटोतल्या बुटालाही होतं. त्यांनी एवढंच बघितलं आणि लिहायला घेतलं. दोन्ही क्लेम पुन्हा उघडले.

"एक फोन येईल, माझ्याच कार्यालयातून, हा नंबर लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "प्रश्न तोच असेल. या वेळी खरं सांगा."

त्याच संध्याकाळी फोन आला तेव्हा सून ताडपत्रीची दोरी घट्ट करत होती. नंबर तोच होता. तिनं दोनदा ताडून पाहिला.

"साहेब आहेत का घरी?"

अंघोळ तिच्या अगदी जिभेवर आली. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या मुलाचे बूट कापडात गुंडाळत होत्या. त्यांनी मान डोलावली.

"नाहीत," सून म्हणाली. इतक्या महिन्यांत हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती, आणि बोलल्यावर घर एकदम रिकामं वाटलं. "घरी नाहीत ते."

"बरं. सहीसाठी तारीख टाकायची होती, मॅडम. कधी येतील?"

सुनेचे डोळे भरून आले आणि फोन कानाशी तसाच राहिला. सासूबाई उठल्या, त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"येईल," त्या म्हणाल्या. "बूट इथं आहेत त्याचे. अनवाणी किती दिवस राहील?"

पलीकडचा माणूस "बरं, आजी," म्हणाला. सासूबाईंनी मुलाचे बूट पलंगाखाली सरकवले, पिशवीतले जुने बूट काढले आणि दारात नेऊन ठेवले, कालच्यापेक्षा थोडे डावीकडे.