पाणबुडीतली मैत्री

माझ्या बहिणीची राख तिच्या नवऱ्याने खेळण्यातल्या पाणबुडीत ठेवली होती, आणि ती राख मागून आणायला मी जर्सी सिटीहून अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला गेले. खेळण्यातली म्हटलेलं विवेकला चालायचं नाही. मॉडेल म्हणायचं.

मैत्री मार्चमध्ये गेली, ऑफिसला जाताना, फ्रीवेवरच्या अपघातात. नागपूरला आईला व्हिसा मिळाला नाही, त्यामुळे लेकीचं तोंडसुद्धा दिसलं नाही. आईने एकच मागितलं होतं. मूठभर राख आणा, विहाराच्या अंगणातल्या बोधिवृक्षाच्या मुळाशी ठेवू. फोनवर विवेक दर वेळी "हो ताई, करतो काहीतरी" म्हणायचा आणि हवापाण्याचं बोलायला लागायचा. मी नागपूरला निघायचे दिवस जवळ आले तसं माझं डोकं फिरलं. सरळ तिकीट काढून त्याच्या दारात उभी राहिले.

पाणबुडी जेवणाच्या टेबलावर होती. जेवायला जागाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या एका अमेरिकन पाणबुडीची ती हुबेहूब प्रतिकृती, चांगली पाच फुटांची, रिमोटवर पाण्याखाली जाणारी. त्याने म्युझियममधून ड्रॉइंग्ज मागवली होती. पाणी निथळायची बारीक भोकंसुद्धा मूळ बोटीला होती तेवढीच पाडलेली. पाडली होती मैत्रीने. "सवतीच्या अंगाला भोकं पाडतेय ताई, फार बरं वाटतं," असं मला फोनवर सांगून खिदळायची.

"राख कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने बोटीचा पुढचा भाग उघडला. मधल्या नळीत बॅटरी, मोटर आणि रेडिओ कोरडे राहतात, बाकी बोटीत पाणी शिरतं. पाण्याखाली ती आडवी तरंगायची तर पुढे नेमकं वजन लागतं. आधी तिथे शिसं होतं. आता पितळेचा एक डबा होता.

"सगळी?"

"सगळी, ताई."

"मूठभर काढून दे. परवा माझी फ्लाइट आहे."

"मूठभर काढली तर बॅलन्स जाईल." हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आई तिकडे झुरतेय आणि ह्याला बॅलन्स सुचतोय. मी बरंच काही बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, मग म्हणाला, "उद्या लेकवर चला माझ्याबरोबर. एकदा बघा. मग डबाच घेऊन जा. प्रॉमिस."

सकाळी तळ्यावर धुकं होतं, आणि आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. विवेकने गुडघ्यावर बसून बोट पाण्यात सोडली. रंगवलेल्या रेषेपर्यंत ती बरोबर बुडाली, किनाऱ्यापासून लांब गेली आणि मग आवाज न करता खाली उतरली. पेरिस्कोपसुद्धा दिसेनासा झाला. विवेकने रिमोट बंद केला.

"बंद का केलास?"

"सिग्नल तुटला की बुडण्यासाठी टाकीत घेतलेलं पाणी आपोआप बाहेर फेकलं जातं आणि बोट वर येते. सेफ्टी आहे." तो पाण्याकडेच बघत होता. "पण बघा ना ताई, मी काहीच करत नाही. बोलवत पण नाही. ती स्वतःहून येते. दर संडेला."

"विवेक, आपण आत्मा मानत नाही."

"मी पण नाही मानत. सगळे पार्ट्स मीच बसवलेत. तरी ती येते."

त्या दिवशी ती आली नाही.

आधी तो नुसता उभा राहिला. मग रिमोट चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. लांब एका जागी बुडबुडे येत होते. "टाकी रिकामी होतेय," तो म्हणाला, "पण खाली तणात अडकलीय." तो बुटांसकट पाण्यात शिरायला लागला. ते पाणी माणसाला गारठवून मारेल असं होतं. मी त्याचं जॅकेट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

आणि त्याला धरून असतानाच माझ्या तोंडून निघालं, "मैत्री, वर ये गं. आई वाट बघतेय." लहानपणी तिला खेळातून घरी बोलवायचे त्याच आवाजात, मोठ्याने. आत्मा न मानणारी मी. मला त्या क्षणी खरंच वाटत होतं की ती खाली आहे आणि तिला ऐकू जातंय.

पाणी हललं. पाणबुडी वर आली. माझा जीव भांड्यात पडला. मी रडत रडत विवेकची पाठ थोपटू लागले, "आली, बघ, आली."

विवेक डोळे बारीक करून बोटीकडे बघत होता.

"नाक वर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"पुढे वजन नाहीये, ताई."

बोट शेपटी बुडवून, तोंड आभाळाकडे करून उभ्यासारखी तरंगत होती. त्याने ती कशीबशी किनाऱ्याला आणली. पुढचा तुकडा उचकटून निघाला होता, कडेला हिरवं तण अडकलं होतं. डबा नव्हता. विवेक ओल्या गवतात बसला आणि बोट मांडीवर घेऊन तण एकेक काडी सोडवू लागला. त्याच्यावरचा माझा सगळा राग गेला होता, आणि त्याच्या जागी फक्त भीती होती. आईला काय सांगायचं?

नागपूरला पोचल्यावर मी खरं तेच सांगितलं. पाणबुडी, डबा, तळं, सगळं. आईने विहाराच्या अंगणात खड्डा करून ठेवला होता. ती मला रागावली नाही, विवेकलाही काही बोलली नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एवढंच विचारलं.

"तिथलं पाणी लय थंड असते का गं?"

"नाही," मी म्हणाले.