चाळीस डब्यांवरचा लाल ठिपका

वैजनाथ साहेब सिग्नलची रेघ दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपसमोर उभे राहिले की गौहरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एक हात पाठीमागे, मान तिरकी आणि तोंडात "हं". विजेचा शोध आपणच लावला अशा थाटात हा माणूस पडद्यावरची रेघ बघायचा. त्या "हं"मध्ये साहेबांचं अर्धं ज्ञान संपायचं. उरलेलं अर्धं पुण्याच्या कॉलेजच्या नावात होतं, आणि ते नाव दिवसातून चारदा तरी निघायचंच.

नगरच्या एमआयडीसीत, अगदी मागच्या गल्लीत, नूरमहंमद शेठचा हा छोटा कारखाना. इथं काडेपेटीएवढ्या डब्या बनायच्या. यूएसबीची वायर लांबली की सिग्नल वाटेतच दमतो. ही डबी मध्ये बसून त्याला जोर देते. किती जोर द्यायचा ते आतला एक बारकासा रेझिस्टर ठरवतो. डब्यांचं सोल्डरिंग रंगुबाई करायची आणि तपासणी गौहर. दोघींच्या वर इंजिनिअर म्हणून वैजनाथ साहेब.

रंगुबाई पाथर्डीकडची. पंधरा वर्षं तिनं उसाच्या फडात कोयता चालवला. पोरीची शाळा दरवर्षी दिवाळीनंतर सुटते म्हणून सहा वर्षांपूर्वी ती नगरात आली आणि सोल्डरिंग शिकली. तांदळाच्या कणीएवढा रेझिस्टर ती अशी बसवायची की गौहरनं भिंगातून पाहिलं तरी नाव ठेवायला जागा नसायची. आणि तिच्या कामात चुका काढायला कोण, तर वैजनाथ साहेब! ज्यांना सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं की आधी बोट भाजून घ्यायची सवय!

ठिपक्यांचा नियमही साहेबांचाच. त्यांनी बाजारातून नेलपॉलिशच्या तीन बाटल्या आणल्या. रंगुबाईला हिरवी, गौहरला पांढरी आणि स्वतःला लाल. ज्याचा हात डबीतल्या बोर्डाला जिथं लागेल त्यानं तिथं आपला ठिपका द्यायचा.

"म्हणजे चूक कुणाची ते लगेच कळेल," साहेब म्हणाले होते. चूक आपलीही असू शकते, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या एका दवाखान्यानं जामखेड, राहाता अशा गावोगावच्या केंद्रांसाठी चाळीस डब्या नेल्या. डोळ्याचा फोटो काढणारा कॅमेरा अंधाऱ्या खोलीत, कॉम्प्युटर बाहेर, मध्ये आठ मीटर वायर आणि डबी. चार दिवसांत चाळीसच्या चाळीस परत आल्या. फोटो काढता काढता कॉम्प्युटर म्हणायचा, कॅमेरा काढून घेतला! इकडे कॅमेरा जागच्या जागी. डोळ्यांत औषध घालून बसलेल्या म्हाताऱ्या तपासणीविना घरी गेल्या.

साहेबांनी एक डबी स्कोपला लावली, "हं" केलं आणि शेठसमोर निकाल दिला.

"सिग्नलची उंची कमी पडतेय. सांधे कच्चे आहेत, शेठ. उसाच्या फडातून उचलून आणलेल्या बाईकडून दुसरं काय होणार?"

रंगुबाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "सायेब, मी एकबी सांधा कच्चा सोडला न्हाई."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेठ भला माणूस, पण शिकलेल्या माणसापुढं त्याची जीभ उचलायची नाही. तो खाली बघत म्हणाला, "रंगुबाई, सोमवारपासून दुसरी कुणी बघतो. राग मानू नका."

रंगुबाई जागेवर जाऊन बसली. दिवाळी तोंडावर आली होती. म्हणजे पुन्हा कोयता, पुन्हा फड, आणि दहावीतल्या पोरीची शाळा बंद. गौहरला हे सगळं ठाऊक होतं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिच्या हातात शनिवारची दुपार होती. तिनं एकेक डबी उघडली. हिरवे ठिपके, त्यावर आपला पांढरा, इथवर ठीक. पण पांढऱ्याच्या शेजारी, जोर ठरवणाऱ्या त्या रेझिस्टरजवळ, लाल. चाळीसही डब्यांत लाल! तेव्हा तिला आठवलं. माल जायच्या आदल्या दिवशी साहेब सगळी पेटी केबिनमध्ये घेऊन गेले होते. "शेवटचा हात मीच फिरवतो, ते बायकांचं काम नाही," म्हणाले होते.

तिनं रेझिस्टर मोजला आणि चिपच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिला. साहेबांनी जोर मधल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर नेला होता. पुढच्याच पानावर स्वच्छ लिहिलं होतं: वायर निघाली की सिग्नल उलटा फिरतो आणि त्याची उंची वाढते, ती ठरावीक रेघेच्या वर गेली की कॉम्प्युटर समजतो, समोरचं यंत्र निघालं. इथं वायर जागेवर होती आणि साहेबांच्या जोरानंच उंची त्या रेघेच्या वर गेली होती. पान उलटायला काय बोटं दुखत होती या माणसाची? पण मग स्कोपवर सिग्नल कमी का दिसतोय?

गौहरनं स्कोपच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. तिनं तपासणीसाठी ठेवलेला कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला आणि शेठला, साहेबांना आणि रंगुबाईला टेबलापाशी बोलावलं.

"साहेब, ही हातभर वायर. डबी नाही, रंगुमावशींचा सांधा नाही, काही नाही. कॅमेरा चालतोय ना?"

"चालणारच," साहेब म्हणाले.

"आता तुमच्या स्कोपवर उंची बघा."

पडद्यावर तीच बुटकी रेघ. साहेबांचा पाठीमागचा हात पुढे आला आणि स्कोपची बटणं फिरवू लागला.

"स्कोपवर शंभर मेगाहर्ट्झ लिहिलंय, म्हणजे याची धाव तेवढीच," गौहर म्हणाली, "आणि आपला सिग्नल दोनशे चाळीसवर पळतोय. याला तो पुरता दिसतच नाही. चांगलाही बुटकाच दिसतो. तुम्ही बुटका बघितला आणि चाळीस डब्यांत जोर वाढवून ठेवलात."

मग तिनं लाल ठिपक्याची डबी आठ मीटरच्या वायरीत लावली. तिसऱ्या मिनिटाला कॉम्प्युटरनं टुंग केलं, कॅमेरा गेला. दुसऱ्या डबीत तिनं पूर्वीच्या मापाचा रेझिस्टर परत बसवला होता, ती लावली. सगळ्यांचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, तरी चित्र हललं नाही.

साहेबांनी घसा खाकरला. "मलाही साधारण हीच शंका होती."

बघा! अहाहा, काय ती शंका! रंगुबाईला घरी पाठवताना ही शंका कुठल्या खिशात होती, कोण जाणे. बाईची माफी मागावी हे तर त्यांच्या गावीही नव्हतं. ते शेठकडे वळले. "आणि शेठ, ही ठिपक्यांची पद्धत जरा बालिश वाटते. गिऱ्हाईक काय म्हणेल? सगळे ठिपके पुसून मगच माल पाठवा."

शेठनं एकदा लाल ठिपक्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि मान डोलावली. "रंगुबाई, तुम्ही राहा. रेझिस्टर बदला आणि तेवढे ठिपके पुसून टाका."

गौहर तोंड उघडणार, तोच रंगुबाईनं तिचा हात दाबला आणि थिनरची बाटली उचलली.

संध्याकाळी साडेपाचला तिनं पेटी शेठच्या टेबलावर आणून ठेवली. साहेब निघायच्या तयारीत होते. त्यांनी वरची डबी उघडली. लाल ठिपका गेला होता, पण हिरवे-पांढरे सगळे जागेवर होते, आणि जिथं लाल होता तिथं आता एक नवा हिरवा होता, अजून ओला.

"बाई, सगळे पुसायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

रंगुबाईनं पदराला हात पुसले. "तुमचे पुसले, सायेब. तुमाला नको हुते म्हनून. माझा हात जिथं लागलाय तिथं माझा ठिपका ऱ्हानार. मला त्याची लाज न्हाई."